निर्वेध हक्क आणि वास्तुपुरुष

पुणे जिल्ह्यातील हवेली, मुळशी, मावळ आणि खेड या तालुक्यांत गेल्या पंचवीस-तीस वर्षांत ज्या वेगाने शिवारांच्या जागी वसाहती उभ्या राहिल्या, त्या वेगाचा विचार अर्थशास्त्रज्ञांनी केला आहे, नगररचनाकारांनी केला आहे, आणि ज्यांच्या मिळकती त्यात गेल्या किंवा वधारल्या त्यांनी तर रात्रंदिवस केला आहे. परंतु त्या वसाहतींत आयुष्याची शिल्लक आणि पुढील वीस वर्षांचे हप्ते ओतून घर घेणाऱ्या माणसाच्या धर्मजीवनाशी या घटनेचा काही संबंध पोहोचतो काय, हा प्रश्न फारसा कोणी विचारलेला दिसत नाही.

वस्तुतः तो प्रश्न अशा प्रत्येक नव्या घरासंबंधाने होणाऱ्या दोन विधींमधून आपोआप उभा राहतो. पहिला विधी दुय्यम निबंधकाच्या कचेरीत होतो. तेथे मिळकतीची चतुःसीमा, गट नंबर, चटईक्षेत्र आणि मोबदल्याची रक्कम दस्तात लिहिली जाते, मुद्रांक शुल्क भरले जाते, अंगठ्याचे ठसे आणि छायाचित्रे घेतली जातात. आणि या सर्वांच्या मुळाशी एका वकिलाचा शोध अहवाल असतो, ज्यात बहुधा मागील तीस वर्षांचे दप्तर चाळून त्याने असा निर्वाळा दिलेला असतो की, सदर जमिनीवर कोणाचा बोजा नाही, गहाण नाही, दावा नाही, कुळाचा हक्क नाही, आणि म्हणून विकणाऱ्याचा हक्क निर्वेध व विक्रीयोग्य आहे. २०१६ च्या स्थावर संपदा कायद्याने तर विकासकाला आपल्या प्रकल्पाची आणि जमिनीच्या मालकीची कागदपत्रे लोकांसमोर उघडी ठेवणे भाग पाडले, आणि सामान्य ग्राहकाला त्याचा मोठा आधार झाला, यात शंका नाही. दुसरा विधी, भोगवटा प्रमाणपत्र येऊन किल्ल्या हाती पडल्यावर, त्या घराच्या दिवाणखान्यात होतो. चौरंगावर तांदळाचे मंडल मांडले जाते, देवतांची आवाहने होतात, होम होतो, आग्नेय कोपऱ्यातील एक फरशी उचलून तिच्याखाली एका लहानशा पेटीत वास्तुपुरुषाची प्रतिमा पालथी निजवली जाते, आणि क्षेत्रपालाचा बली घराबाहेर नेऊन ठेवला जातो.

पहिला विधी सांगतो की, या जागेवर आता तुमच्यावाचून कोणाचाही हक्क उरलेला नाही. दुसरा विधी सांगतो की, या जागेत तुमच्या आधीपासून कोणी एक आहे, तो तुमच्या पायांखाली आहे, आणि त्याला काही दिल्यावाचून तुम्हाला येथे सुखाने नांदता येणार नाही. या दोन साक्षी परस्परविरुद्ध आहेत. आणि तरीही एकच गृहस्थ, एकाच घरासाठी, दोन्ही सारख्याच निष्ठेने स्वीकारतो. यांतील दुसरी साक्ष अधिक खरी आहे, आणि ती खरी मानल्यास घर घेणाऱ्यावर काही निश्चित कर्तव्ये येऊन पडतात, असे मला वाटते. त्या मताची कारणे येथे मांडावयाची आहेत.

वास्तुपुरुषाची कथा मत्स्यपुराणात आली आहे. अंधकासुराचा वध करताना शंकराच्या ललाटावरून जो घर्मबिंदू भूमीवर पडला, त्यातून एक अक्राळविक्राळ भूत जन्माला आले. त्याची भूक काही केल्या शमेना, तेव्हा त्याने तप करून त्रैलोक्य गिळण्याचा वर मिळवला. भयभीत झालेल्या देवांनी आणि असुरांनी मिळून त्याला चहूंकडून धरले आणि पालथे पाडून भूमीशी दाबून टाकले; ज्याने जे अंग दाबले, तो त्याच अंगावर कायमचा वसला. तेव्हा त्या दबलेल्या भूताने देवांना विचारले की, मी असा जखडून पडलो तर माझ्या निर्वाहाचे काय. आणि देवांनी त्या प्रश्नाचे उत्तर टाळले नाही. वैश्वदेवाच्या अंती दिला जाणारा बली आणि वास्तुपूजेतील भाग त्यांनी त्याला तोडून दिला, आणि जो वास्तूची पूजा करणार नाही तोच तुझे भक्ष्य होईल, असेही सांगितले. एक्याऐंशी पदांच्या मंडलात पंचेचाळीस देवता ज्या मांडल्या जातात, त्या या दाबून धरण्याच्या प्रसंगाचाच नकाशा आहेत.

या कथेचा अर्थ लावताना एक गोष्ट नजरेआड करता येत नाही, ती अशी की, घराचा पाया येथे निरपराध नाही. तो कोणाच्या तरी देहावर घातलेला आहे. ज्याला दाबले त्याला वाचा आहे, त्याला भूक आहे, आणि त्याची मागणी न्याय्य असल्याचे खुद्द देवांनी मान्य केले आहे. वास्तुशांतीचे प्रयोजन विचारले असता जाणते पुरोहितही हेच सांगतात की, घर बांधताना भूमी खोदली जाते, झाडे तोडली जातात, असंख्य जीवजंतू मरतात, आणि त्या हिंसेची शांती करण्यासाठी हा विधी आहे. अर्थात हे प्रायश्चित्त आहे. आज मात्र वास्तुशास्त्राच्या नावाने जो व्यवसाय वसाहतींच्या जाहिरातींतून फोफावला आहे, त्याने या विधीचे तोंडच फिरवून टाकले आहे: स्वयंपाकघर कोणत्या दिशेला असता धनलाभ होईल, प्रवेशद्वार कोठे असता रोग टळेल, एवढ्याच चौकशीत त्याची समाप्ती होते. जो विधी माणसाला त्याचे देणे सांगण्यासाठी जन्माला आला, तो त्याच्या मिळकतीचा विमा बनून राहिला, ही माझ्या मते आपल्या धर्मजीवनातील लहानशी पण खरी हानी आहे.

आता पुराण बाजूला ठेवून दप्तराकडे वळावे. तीस वर्षांच्या शोधाने जे दिसते त्याच्या पलीकडे हवेलीतील एखाद्या गटाचा इतिहास वाचत गेलो, तर काय आढळते? १९४८ च्या कूळकायद्यान्वये, १ एप्रिल १९५७ या कृषकदिनी, कसणारे कूळ त्या जमिनीचे मालक झाले असेल. त्यापूर्वी ती एखाद्या इनामदाराकडे किंवा सावकाराकडे असेल. काही जमिनी महार वतनाच्या होत्या. कनिष्ठ गावकामगारांची वतने रद्द करणाऱ्या १९५८ च्या कायद्यानंतर त्या नव्या शर्तीवर वतनदारांच्या वारसांना परत मिळाल्या, आणि ज्या पिढ्यांनी गावाची हलकी-सलकी कामे करून ती वतने राखली त्यांच्या नातवंडांच्या हातून, भाव वाढू लागताच, त्या कोणत्या मार्गांनी निसटल्या याच्या हकिकती महसूल खात्याच्या मिसलींतून भरून राहिल्या आहेत. पुढे जमीन बिनशेती झाली, फेरफार पडले, मुखत्यारपत्रे झाली.

आणि या सर्व कागदांत एक कागद असा असतो की ज्याच्याविषयी मला विशेष बोलावयाचे आहे. तो म्हणजे बहिणींचे हक्कसोडपत्र. महाराष्ट्राने १९९४ साली आणि केंद्राने २००५ साली कन्येला वडिलोपार्जित मिळकतीत पुत्राइतकाच जन्मसिद्ध वाटा दिला. त्यानंतर जमिनीला गिऱ्हाईक येताच, लग्न होऊन परगावी गेलेल्या बहिणींना सन्मानाने बोलावणे जाते, जेवण होते, साडी-चोळी होते, आणि निबंधकाच्या कचेरीत त्यांच्या सह्या होतात. कोणी आपखुशीने सोडते, यात संशय नाही. परंतु माहेरचा उंबरठा कायमचा परका होईल या भयाने सही करणाऱ्या बहिणीची खुशी आणि स्वेच्छेने दान करणाऱ्याची खुशी या दोहोंना दस्तात एकच वाक्य असते. वकिलाच्या अहवालात त्या सहीमुळे हक्क निर्वेध होतो. धर्माच्या दृष्टीने तो तसा होतो काय?

येथे एक आक्षेप येईल, आणि तो गंभीर आहे. शेतकऱ्याने जमीन आपल्या मर्जीने विकली, बाजारभावाने विकली, कित्येकदा सात पिढ्यांना शेतीत मिळाले नसते एवढे द्रव्य त्याला एका व्यवहारात मिळाले. ग्राहकाने पै न पै चुकती केली. मग देणे उरले कोठे? पुरा मोबदला देऊनही माणूस जर ऋणीच राहत असेल, तर ऋण या कल्पनेला काही मर्यादाच राहत नाही. हा युक्तिवाद विकणारा आणि विकत घेणारा या दोघांपुरता निरुत्तर करणारा आहे, आणि तेवढ्यापुरता मी तो मान्य करतो. परंतु मोबदल्याने तेच फिटते जे विकणाऱ्याचे होते. आणि जमिनीत जे जे होते ते सर्व विकणाऱ्याचे कधीच नव्हते. त्या बांधावर खुरपणी करून वर्षाचे सहा महिने पोट भरणाऱ्या शेतमजूर स्त्रीचे नाव कोणत्याही सातबाऱ्यावर नव्हते. जमीन विकली गेली त्या दिवशी तिचा रोजगार विकला गेला, आणि तिला कोणी विचारले नाही, कारण विचारण्याचे कायदेशीर कारणच नव्हते. ज्या मजुरांनी ती इमारत चढवली, ते बिहार, ओडिशा, छत्तीसगढ, मराठवाडा येथून आले, त्याच आवारातील पत्र्याच्या खोल्यांत राहिले, आणि इमारत पुरी होताच दुसऱ्या पायाकडे निघून गेले. वास्तुशांतीच्या पंगतीला त्यांच्यापैकी कोणी हजर असणे दुर्मिळच.

पाण्याचा विचार तर याहून दूर नेतो. पुण्याच्या पूर्वेकडील उपनगरांना ज्या भामा आसखेड धरणातून पाणी येते, त्यात खेड तालुक्यातील ज्यांच्या जमिनी बुडाल्या त्यांनी आपल्या पुनर्वसनासाठी वर्षानुवर्षे आंदोलने केली आहेत. पवनेच्या पाण्याची बंद नळवाहिनी पिंपरी-चिंचवडकडे नेण्यास विरोध करणाऱ्या मावळातील शेतकऱ्यांवर ९ ऑगस्ट २०११ रोजी गोळीबार झाला आणि तिघे प्राणास मुकले. आणि मुळशीने तर हे शतकापूर्वीच भोगले: टाटांच्या जलविद्युत योजनेने मुंबईला वीज द्यावयाची म्हणून मावळ्यांच्या जमिनी पाण्याखाली जाणार होत्या, त्याविरुद्ध १९२१ साली सत्याग्रह झाला, आणि त्या लढ्याच्या नेतृत्वामुळे पांडुरंग महादेव बापट यांना सेनापती ही पदवी चिकटली ती जन्मभर राहिली. ज्या मुळशीने मुंबईच्या उजेडासाठी शिवारे दिली, त्याच तालुक्यातील हिंजवडी-माणच्या बाजूस आज नव्या घरांचे मजले चढत आहेत. यांपैकी एकाही गोष्टीचा बोजा सातबाऱ्याच्या इतर हक्कांच्या सदरी नोंदवला जात नाही.

आपल्या परंपरेने या प्रश्नाचे सर्वांत भयंकर चित्र काढले आहे ते महाभारताच्या आदिपर्वात. पांडवांना राज्याचा अर्धा भाग मिळाला तो उजाड प्रदेश होता. तेथे त्यांनी इंद्रप्रस्थ वसवले, आणि लगतचे खांडववन कृष्णार्जुनांनी अग्नीला अर्पण केले. पळू पाहणाऱ्या पशुपक्ष्यांना, नागांना बाणांनी परत आगीत लोटले गेले. वाचले ते मोजकेच: तक्षकाचा पुत्र अश्वसेन, शार्ङ्गक पक्ष्याची चार पिल्ले, आणि मयासुर, आणि वाचलेल्या मयाने कृतज्ञतेपोटी युधिष्ठिराला ती अद्भुत सभा बांधून दिली. इरावती कर्वे यांनी ‘युगान्त’मध्ये या दाहाकडे नव्या भूमीसाठी जुन्या रहिवाशांच्या केलेल्या निर्मूलनाच्या दृष्टीने पाहिले, आणि त्या दृष्टीने पाहिले की पुन्हा त्या सभेचे वैभव निखळ आनंदाने वाचता येत नाही. त्या सभेतच दुर्योधनाचा अपमान झाला, त्या अपमानातून द्यूत उद्भवले, आणि ती सभा पांडवांना फार काळ लाभली नाही. पण व्यासांची न्यायबुद्धी तेवढ्यावर थांबत नाही. दाहाच्या वेळी कुरुक्षेत्री गेलेला तक्षक वाचला होता. आणि अर्जुनाचा नातू परीक्षित जेव्हा मृत्यू पावला, तो त्याच तक्षकाच्या दंशाने. ऋषिकुमाराचा शाप हे निमित्त ग्रंथात आहेच, तरीही दंश करण्यासाठी कवीने नेमका तक्षक निवडला. शोध अहवालाची मुदत तीस वर्षांची असते. महाभारत हा शोध तिसऱ्या पिढीपर्यंत नेते.

मग करावे काय? घरच घेऊ नये, हे एक उत्तर झाले, आणि भारतभूमीत ते मोठमोठ्या पुरुषांनी दिले आहे. सुत्तनिपातातील धनिय गोपाळ आपले छप्पर शाकारलेले आहे, अग्नी पेटलेला आहे म्हणून पावसाला निर्धास्तपणे आव्हान देतो, आणि बुद्ध त्याच पावसाला उघड्या झोपडीतून सामोरे जातात; चक्रधरस्वामींनी आपल्या अनुयायांना एका जागी न रमता नित्य अटन करण्याचा आचार घालून दिला. हे उत्तर वंदनीय आहे. परंतु ज्याला वृद्ध आईवडील आहेत, शाळेत जाणारी मुले आहेत, भाड्याच्या खोलीतून दर अकरा महिन्यांनी बिऱ्हाड हलवावे लागले आहे, त्याला घर घेऊ नकोस म्हणणे हा धर्मोपदेश ठरत नाही. अनेक वर्षे दुसऱ्याच्या भिंतीत खिळा ठोकण्याची परवानगी मागितलेल्या गृहिणीने स्वतःच्या भिंतीवर तसबीर लावताना अनुभवलेले सुख पवित्र आहे, असे मी निःसंकोच म्हणतो.

गृहस्थासाठी दुसरे उत्तर पंचसूनांच्या कल्पनेत आहे. चूल, जाते, केरसुणी, उखळ आणि पाण्याचा घडा ही घरातील पाच वधस्थाने, त्यांच्यावाचून संसार चालत नाही आणि त्यांच्या योगे रोज हिंसा घडते. म्हणून गृहस्थाने रोज पाच महायज्ञ करावेत, ज्यांत देव, ऋषी, पितर, मनुष्य आणि भूतमात्र यांना त्यांचा भाग मिळतो. किती प्रगल्भ विचार हा! घराला तो पाप म्हणत नाही आणि निष्पापही म्हणत नाही. घर हे रोज उत्पन्न होणारे आणि रोज अंशतः फेडावयाचे ऋण आहे, असे तो सांगतो. परंतु हा विचार ज्या मनुस्मृतीत आला, त्याच ग्रंथाने काही माणसांना गावाबाहेर राहण्याची आज्ञा केली. आणि भूतयज्ञाचा भाग कोणासाठी जमिनीवर ठेवावा हे सांगताना कुत्री, कावळे आणि कृमी यांच्याच रांगेत पतित आणि श्वपच ही माणसेही बसवली. ऋण ओळखले, पण फेडताना ते उंबरठ्याबाहेर टाकलेली भीक केले, हा त्या व्यवस्थेचा अक्षम्य दोष होय. २० मार्च १९२७ रोजी महाडला चवदार तळ्यावर जे घडले त्याचा धार्मिक अर्थ माझ्या दृष्टीने हाच आहे की, ज्याचे देणे आहे तो पाणी मागावयास आलेला नव्हता, तर ते आपल्या हाताने ओंजळीत घेण्यास आला होता. आणि त्याच वर्षी २५ डिसेंबरला तेथेच त्या ग्रंथाचे दहन झाले. यापुढे भूतयज्ञाचा विचार करावयाचा तर महाडच्या अलीकडे राहून करता येणार नाही.

दान आणि देणे यांतील हा भेद तुकोबांच्या चरित्रात फार स्वच्छ दिसतो. घराण्यात महाजनकी होती, लोकांकडे कर्जे येणे होती. परमार्थाला लागताना त्यांनी ती कर्जखते इंद्रायणीत बुडवली. चरित्रकार सांगतात की, सगळी नव्हेत; अर्धी त्यांनी धाकटा भाऊ कान्होबा याला दिली आणि आपल्या वाट्याची अर्धी तेवढी बुडवली. वैराग्याच्या त्या परमोच्च क्षणीही, आपला हक्क सोडण्याचा आपल्याला अधिकार आहे, भावाचा हक्क त्याच्या वतीने सोडण्याचा नाही, ही सूक्ष्म जाण त्यांच्या ठायी जागी होती. माहेरच्या घरात जेवायला बसलेल्या त्या बहिणीपुढे हक्कसोडपत्राचा मसुदा ठेवणाऱ्या भावाने, आणि तो दस्त वाचून समाधान पावणाऱ्या ग्राहकानेही, देहूची ही हकिकत मनात आणावी. देहूच्या आसपासही आज नव्या इमारती चढत आहेत.

मूळ रहिवाशाला मोबदला देऊन मोकळे न होता भागीदार करून घेण्याचा एक प्रयोग याच जिल्ह्यात झाला आहे. हडपसरच्या मगरपट्ट्यातील शंभराहून अधिक शेतकरी कुटुंबांनी सुमारे ४०० एकर जमीन एकत्र केली, स्वतःची कंपनी काढली, ज्याची जितकी जमीन तितका त्याचा हिस्सा ठरवला, आणि शहर स्वतःच वसवले. जमिनीवरून उठून गेलेला शेतकरी काही वर्षांनी तेथेच पहारेकरी म्हणून उभा राहतो, हे जे चित्र इतरत्र दिसते, त्याच्याशी तुलना करता या प्रयोगाची थोरवी मोठी आहे. तथापि तेथेही भाग मोजण्याचे माप जमीन हेच होते, त्यामुळे बांधावर राबणाऱ्या भूमिहीनाला त्या मांडणीत प्रवेश मिळण्याचा मार्ग नव्हता.

तो भूमिहीन, किंवा त्याची लेक, आज त्याच वसाहतीत येते: सकाळी सात वाजता, दरवाजावर नाव लिहून, चार घरांची धुणी-भांडी करण्यासाठी. कित्येक गृहनिर्माण संस्थांनी घरकामाच्या बायांसाठी उद्वाहक वेगळा ठेवला आहे, बागेत बसण्यास त्यांना मनाई केली आहे, आणि ज्या घरातील स्वच्छतागृह ती घासते ते वापरण्याची मुभा तिला बहुतेक घरांत नाही. हे नियम सर्वसाधारण सभेत बहुमताने झालेले असतात, आणि मत देणाऱ्यांच्या घरोघरी आग्नेय कोपऱ्यात वास्तुपुरुष निजवलेला असतो. पूर्वजांनी आपले ऋण ज्या पाच ठिकाणी मोजले त्यांतील चूल, केरसुणी आणि पाण्याचा घडा ही तीन आज तिच्याच हातात आहेत, म्हणजे आपल्या वाट्याची सूना आपण तिच्याकडे सोपवली आहे. आणि म्हणून तिचा रास्त पगार, तिची साप्ताहिक सुट्टी, तिला बसावयास खुर्ची आणि त्याच घरातील पेल्यातून पाणी, या गोष्टी औदार्याच्या सदरात घालता येत नाहीत. ज्या सभेने वेगळ्या उद्वाहकाचा ठराव केला, त्याच सभेला तो पुढील बैठकीत रद्द करता येतो. त्यासाठी कोणत्याही पुरोहिताची, वकिलाची किंवा तहसीलदाराची गरज नाही.